मंडळीनं डिनॉमिनेशन सोडायचं का? मत टाकायच्या आधी काय काय करून घ्यायचं

सर्वांना जय ख्रिस्त. हे लिहितोय ते मराठवाड्यातल्या जुन्या, मूळच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या (एल्डरांच्या) हातून कारभार चालणाऱ्या परंपरेतल्या मंडळ्यांसाठी. मंडळी म्हणजे एका गावचं स्थानिक चर्च. उपासना सुटली की लोक चर्चच्या पायऱ्यांवर थांबून हळू आवाजात एकच बोलायलेत, आपण या डिनॉमिनेशनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या मोठ्या चर्चसंघात, राहायचं का बाहेर पडायचं. कोणी म्हणतं उद्याच ठराव करा, कोणी म्हणतं बापजाद्यांचं चर्च सोडायचं नाही, आणि बहुतेक लोक दोन्हीकडे मान हलवून घरी जातात. मी राहा पण म्हणणार नाही आणि जा पण म्हणणार नाही, ते तुमच्या मंडळीनं ठरवायचं. पण कोणत्या क्रमानं ठरवायचं ते मात्र ठामपणे सांगणार आहे, कारण क्रम चुकला की मंडळी डिनॉमिनेशनमधून बाहेर पडायच्या आधीच आतून फुटते आणि मग कोर्टाच्या तारखा आपल्या नातवंडांच्या गळ्यात पडतात.

आधी थोडा इतिहास, कारण तो पुढं कागदात लागणार आहे. १८४३ साली स्कॉटलंडमध्ये चर्च फुटलं. पाळक कोणी नेमायचा, जमीनदारानं का मंडळीनं, हा मूळ वाद. साडेचारशेच्या वर पाळक घर, पगार, चर्च सगळं सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड उभं राहिलं. भारतातले स्कॉटिश मिशनरी पण त्यांच्यासोबत गेले, मुंबईत जॉन विल्सन, कलकत्त्यात अलेक्झांडर डफ, आणि शिक्षणसंस्थांच्या इमारती जुन्या चर्चकडं राहिल्या. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढं त्यांनीच फ्री चर्चकडून जालन्यात काम उभं केलं, निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसवलं. म्हणजे आपल्याकडचं प्रेस्बिटेरियन झाड उगवलं तेच एका फुटीतून. त्यानंतर मात्र सगळी एकीकरणं झाली. १९०० ला स्कॉटलंडमध्ये युनायटेड फ्री चर्च, १९०४ ला इकडं प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया, १९२४ ला काँग्रिगेशनल लोकांसोबत युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जिथं आपलं युनायटेड चर्च, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्टांचा एक गट आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह एकत्र आले. त्यामुळं कोणी म्हणत असेल की बाहेर पडणं हेच पाप, तर त्यांना १८४३ सांगा, आणि कोणी म्हणत असेल की एकीत जाणं म्हणजे विकलं जाणं, तर त्यांना सांगा की आपल्या आजोबांनी ती एकी प्रार्थना करून स्वीकारली होती.

का सोडायचंय, हे आधी लिहून काढा

पहिलं काम मीटिंग नाही. पहिलं काम घरभेटी. वडील मंडळातले किंवा पास्टोरेट कमिटीतले दोघंदोघं जण वस्तीवार फिरा, एक राहा म्हणणारा आणि एक जा म्हणणारा अशी जोडी करा, नाहीतर प्रत्येक घरात एकच बाजू ऐकू येते. घरातल्या बाईला वेगळं विचारा, म्हाताऱ्यांना वेगळं, तरुण संघातल्या पोरांना वेगळं. कोण काय म्हणालं ते नाव न लिहिता वहीत एका ओळीत टिपा.

वही भरली की बसा आणि ओळींचे ढीग करा. तुमच्या लक्षात येईल की बऱ्याच ओळी माणसांबद्दल असतात. अमक्या पाळकांची बदली का केली, तमक्याला कमिटीत का घेतलं नाही, वर कोणी आपला फोन उचलत नाही. दुसरा ढीग पैशाचा, आपण वर्गणी भरतो त्याचं पुढं काय होतं, छत गळतंय त्याला मंजुरी का मिळत नाही, दुकानांचं भाडं कुठं जातं. तिसरा ढीग विश्वासाचा आणि कारभाराच्या पद्धतीचा, म्हणजे बिशप असावा का नसावा, वडिलांच्या हातात कारभार असावा का, लहान बाळांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन कोणी द्यायचं, वचन कसं शिकवलं जातं.

माणसांच्या ढिगाला एकच प्रश्न विचारा, उद्या सकाळी ही माणसं बदलली तर आपण राहू का? उत्तर हो असेल तर तुम्हाला डिनॉमिनेशन सोडायचं नाहीये, तुम्हाला बदल हवाय, आणि त्याचा रस्ता वेगळा. बदल्या होतात, पदाधिकारी निवृत्त होतात, कमिटीच्या निवडणुका लागतात, पण सोडलेलं चर्च तसं परत मिळत नाही. पैशाच्या ढिगाला आधी लेखी हिशोब मागा, सही-शिक्क्याची पोच घेऊन. हिशोब मागितलाच नाही आणि हिशोब देत नाहीत म्हणून सोडतोय असं म्हणायचं, हे मला पटत नाही. विश्वासाचा ढीग जाड असेल तर मात्र विषय खरंच गंभीर आहे, आणि त्यासाठीच पुढचं सगळं.

अमेरिकेतलं उदाहरण इथं कामाला येतं. तिथं पीसीयूएसए नावाचं मोठं प्रेस्बिटेरियन चर्च आहे, १९८३ च्या एकीकरणातून झालेलं. समलिंगी व्यक्तींची पाळक म्हणून दीक्षा आणि विवाह या विषयावर त्यांनी २०११ आणि २०१५ मध्ये नियम बदलले, आणि त्या काळात बऱ्याच मंडळ्या तिथून निघून दुसऱ्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गेल्या, २०१२ ला तर त्यासाठी इको नावाचं नवं चर्चच निघालं. त्यांची बाजू कोणाला पटो न पटो, पण प्रश्न काय आहे ते कागदावर स्पष्ट होतं. आपल्याकडं तेवढी स्पष्टता यायला हवी. जायचं कारण तीन वाक्यांत लिहिता येत नसेल तर अजून वेळ आलेली नाही.

कागद. आणि परत कागद.

हा भाग लांब आहे कारण इथंच सगळ्यात जास्त मंडळ्या अडकतात. लोक म्हणतात चर्च आमचं, आमच्या पणजोबांनी दगड वाहिले. खरं आहे, दगड वाहिले. पण कागदावर मालक कोण ते बघायला लागतं, आणि मराठवाड्यात ते बघणं सोपं नाही, कारण आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि जुने कागद उर्दूत, काही मोडीत.

सुरुवात तलाठ्याकडून करा. चर्च, पाळकांचा बंगला, शाळा, वसतिगृह, कब्रस्तान, शेती, प्रत्येकाचा गट नंबर वेगळा असू शकतो. सातबारा काढा, शहरात असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा. नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका, इतर अधिकाराचा रकाना वाचा आणि प्रत्येक फेरफार नंबरची नक्कल काढा. मग मागं मागं जात १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत या. आपल्याकडं जमिनीच्या वादात ते पत्रक वकील पहिलं मागतात. त्याच्याही मागचा कागद असेल तर त्यावर साल फसली असतं, त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल साधारण कळतं, म्हणजे १३३५ फसली हे १९२५ च्या आसपासचं. उर्दू वाचणारा जुना माणूस शोधा, जालन्यात, परभणीत, संभाजीनगरात अजून भेटतात, आणि शेजारी बसून त्यांच्याकडून ओळ न ओळ मराठीत लिहून घ्या. कागदात इनाम, खिदमतमाश (सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन) असे शब्द दिसले तर लगेच महसूल कायदा कळणाऱ्या वकिलाकडं जा, कारण इनाम जमिनीचे नियम वेगळे असतात आणि तशी जमीन ना मंडळीला मनासारखी फिरवता येते ना वरच्या संस्थेला.

मालकाच्या जागी काय नाव सापडेल? कुठं जुन्या मिशनचं, कुठं एखाद्या ट्रस्ट असोसिएशनचं, कुठं एका मिशनरी साहेबाचं, कुठं नुसतंच 'चर्च'. प्रत्येकाचा अर्थ कायद्यात वेगळा. त्यासाठी दुसरी खेप धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची, आपण सगळे त्याला चॅरिटी ऑफिसच म्हणतो. तिथं ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे शेड्यूल वन, आणि घटना किंवा ट्रस्ट डीडची नक्कल मागा. विश्वस्त कोण, शेवटचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) कधी मंजूर झाला, मालमत्तेच्या यादीत आपलं चर्च आहे का नाही, हे तिथं कळतं. मालमत्ता एका ट्रस्टच्या यादीत, सातबारा तिसऱ्याच्याच नावावर आणि लाइट बिल पाळकांच्या नावावर असं निघालं तरी घाबरू नका, पण हे मताच्या आधी माहीत पाहिजे.

आता दोन निकाल, जे प्रत्येक वडिलाला माहीत असायला हवेत. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २००५ मध्ये कोर्टानं सांगितलं की सार्वजनिक ट्रस्टच्या मालमत्तेचे आणि कारभाराचे असे प्रश्न पब्लिक ट्रस्ट कायद्याच्या यंत्रणेपुढं न्यायचे, साध्या दिवाणी दाव्यानं ते सुटणार नाहीत. आणि २०१३ मध्ये सांगितलं की १९७० च्या एकीकरणाचा नुसता ठराव झाला म्हणून जुनी संस्था बरखास्त होत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडं जात नाही, त्यासाठी सोसायटी कायदा आणि ट्रस्ट कायद्यातली पद्धत पाळावी लागते. पुष्कळ लोक हा दुसरा निकाल व्हॉट्सअॅपवर फिरवतात आणि म्हणतात बघा, आपण मोकळे. तसं नाही. तोच नियम उलट्या बाजूनं तुम्हालाही लागतो. रविवारच्या उपासनेनंतर हात वर करून केलेल्या ठरावानं तुमची मालमत्ता पण त्यांच्याकडून तुमच्याकडं येत नाही.

परदेशातही हेच दिसतं. १९०० ला स्कॉटलंडमध्ये एकीकरण झालं तेव्हा फ्री चर्चमधले मूठभर लोक बाहेर राहिले, आणि १९०४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सगळी मालमत्ता त्या मूठभरांना दिली, कारण ती मूळ शिकवणुकीसाठी दिलेली होती आणि तिला तेच धरून आहेत. मग १९०५ ला संसदेला खास कायदा करून वाटणी करावी लागली. अमेरिकेत जॉर्जियामधल्या मेकन गावच्या विनव्हिल मंडळीनं १९७३ साली १६४ विरुद्ध ९४ अशा मतांनी चर्च सोडलं, आणि इमारत कोणाची हा वाद १९७९ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टात पोचला. कोर्ट म्हणालं, अशा वेळी खरेदीखत, घटना, ट्रस्टचे शब्द बघून साध्या कायद्यानं निकाल देता येतो. त्यानंतर तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं आपल्या घटनेत स्पष्ट लिहून टाकलं की स्थानिक मंडळीची मालमत्ता वरच्या चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. म्हणून आपल्या घटनेत असं कलम आहे का ते आजच शोधा.

सगळे कागद आले की एका पानावर तक्ता करा. मालमत्ता, कागदावर कोणाच्या नावानं, ताबा कोणाकडं, वाद आहे का. हे पान झेरॉक्स करून प्रत्येक घरात द्या. आणि मंडळीला स्पष्ट सांगा, जायचं ठरवलं तर इमारत मिळणार नाही असं धरूनच ठरवा. मिळाली तर प्रभूची कृपा. इमारत हातातून जाणार असेल तर जायचं नाही असं ज्यांना वाटतं त्यांना ते आताच कळू द्या, आणि त्यांना कमी विश्वासाचे म्हणू नका, त्या जागेत त्यांची लग्नं झाली आहेत.

कायद्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात, बाकी वकील सांगतील. तुमची संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल तर उद्देश बदलायला किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायला कलम १२ आहे. दहा दिवस आधी सूचना, तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतरानं दुसऱ्या खास सभेत परत तीन पंचमांशांनी तेच कायम करायचं. बरखास्तीचं कलम १३ आणि उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही ते कलम १४. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत पब्लिक ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, आणि विक्री, बक्षीस, अदलाबदल, लांब मुदतीचं भाडं यातलं काहीही त्याच कायद्याच्या कलम ३६ च्या परवानगीशिवाय करायचं नाही. वादाच्या काळात कोणी बिल्डर दारात आला तर त्याला चहा पण पाजू नका.

मत कोणाचं, कधी, कसं

मंडळीचं सभासद रजिस्टर हे या सगळ्यातलं सगळ्यात नाजूक पुस्तक. मताची चर्चा सुरू झाली की अचानक नवीन नावं यायला लागतात आणि जुनी गळायला लागतात. म्हणून चर्चा सुरू व्हायच्या आधीची तारीख ठरवा, त्या तारखेला प्रभुभोजनाचे (म्हणजे पूर्ण) सभासद असलेल्यांची यादी चर्चच्या दारावर लावा, महिनाभर हरकती घ्या, मग बंद करा. पुण्याला, मुंबईला नोकरीला गेलेल्यांचं काय, हे घटनेप्रमाणं ठरवा, सोयीप्रमाणं नको.

आणि वेळ. बीड, जालना, परभणीकडच्या मंडळ्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात मत घेतलं तर मंडळीतल्या सगळ्यात गरीब लोकांना बाहेर ठेवून मत घेतलं असा त्याचा अर्थ होतो, मग निकाल कोणताही लागो. नाताळात लोक गावी येतात म्हणून तेव्हा घेऊ असं पण कोणी म्हणतं, नको, सणाच्या दिवसात घरातली भांडणं नकोत. ईस्टरनंतर, टोळ्या परत आल्यावर आणि पेरणीच्या आधी, ही बरी वेळ. दुसरी सभा महिन्यानं घ्यायची तर ती पण मृगाच्या आत बसते.

मतदान गुप्त पाहिजे. हात वर करायला लावलं की सून सासऱ्याकडं बघते आणि शाळेत नोकरी असलेला मास्तर कमिटीकडं बघतो. दोन रंगांच्या चिठ्ठ्या करा, समजा पांढरी म्हणजे राहायचं आणि पिवळी म्हणजे जायचं, प्रत्येकाला दोन्ही द्या, आडोशाला एक पेटीत टाकायची आणि दुसरी शेजारच्या बंद डब्यात. म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीला कोणाला विचारायची गरज पडत नाही आणि तिच्या हातात कोणती उरली तेही कोणाला दिसत नाही. पेटी आधी उघडी करून सगळ्यांना दाखवा. मोजणीला बाहेरचा एक माणूस बसवा, दुसऱ्या गावचे निवृत्त पाळक किंवा दोन्ही बाजूंना चालेल असा कोणी. आकडा तिथल्या तिथं प्रोसिडिंगमध्ये लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

सभेत डायोसिसच्या (बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या) प्रतिनिधीला बोलायला वेळ द्या, पूर्ण वेळ, मध्ये टोकू नका. ज्यांना सोडायचंय त्यांचं ऐकायचं आणि ज्यांना सोडतोय त्यांना बोलूच द्यायचं नाही, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, आणि पुढं चॅरिटीत गेलं तर तेच पहिलं विचारलं जातं. भगिनी मंडळाची वेगळी बैठक आधी घ्या, तिथं जे प्रश्न निघतात ते मोठ्या सभेत कोणी विचारत नाही.

साध्या बहुमतावर जाऊ नका, असं माझं ठाम मत. कायदा तीन पंचमांश म्हणत असला तरी मी म्हणेन दोन तृतीयांशाच्या खाली असेल तर जाऊ नका. एकावन्न-एकोणपन्नासानं निघालेली मंडळी रस्त्यातच दोन होते.

मत टाकायच्या आधी हे लिहून घ्या: हरलेल्यांचं काय

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. मोजणीच्या आधी, कोण जिंकणार हे कोणालाच माहीत नसताना, दोन्ही बाजूंनी एक करार लिहून सह्या करायच्या. निकालानंतर असा करार होत नाही, कारण तेव्हा एकाला द्यायचं असतं आणि दुसऱ्याला मागायचं असतं.

त्यात पहिलं कब्रस्तान. निकाल काहीही लागो, आज सभासद असलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना तिथंच माती मिळेल, गेटची चावी दोन्हीकडं राहील, आणि कोणत्याही पाळकांना आपल्या माणसाची अंत्यविधीची उपासना तिथं घेता येईल. भाऊ एकीकडं आणि बहीण दुसरीकडं असं होणारच आहे, आणि आईची मयत दारात असताना चावीसाठी फोनाफोनी करायची पाळी कोणावर येऊ नये.

दुसरं जुनी रजिस्टरं. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन, सगळी पानं स्कॅन करा आणि एकएक प्रत दोन्ही बाजूंना द्या. मूळ पुस्तक कोणाकडं राहील तेही लिहा. शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख चुकलेली असो का पासपोर्ट काढायचा असो, त्या नोंदीसाठी लोक तीस वर्षांनी येतात, तेव्हा त्यांना तुम्ही कोणत्या गटाचे हे विचारलं जाऊ नये.

तिसरं, ठरलेली लग्नं. पत्रिका छापून झालेल्या असतात, हॉलच्या तारखा दिलेल्या असतात. निकालानंतर सहा महिन्यांपर्यंतची सगळी लग्नं ठरल्याप्रमाणं त्याच चर्चमध्ये होतील असं लिहा. मंडळीची भांडी, सतरंज्या, पेटी, तबला, स्पीकर याची पण यादी करा. छोट्या वाटतात, पण एका पेटीवरून नाती तुटलेली मी बघितली आहेत.

बँक खातं पण. निकाल लागेपर्यंत नेहमीचे खर्च सोडून एक रुपया काढायचा नाही आणि दोन्ही बाजूंची एकेक सही असल्याशिवाय चेक जाणार नाही. परदेशातून पैसा येत असेल तर एफसीआरएची (परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालची) नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते बघा. बहुतेक ती वरच्या संस्थेची असते आणि मंडळी बाहेर पडली की तो पैसा घेता येत नाही. देणगीवरच्या करसवलतीचं ८०जी पण तसंच, ते त्या ट्रस्टचं असतं.

पाळकांचा विचार

मंडळी मत टाकते आणि मोकळी होते, पण पाळकांचं घर, पगार, पीएफ, पोरांची शाळा सगळं डायोसिसशी बांधलेलं असतं. त्यांना सभेत उभं करून तुम्ही कोणाकडून असं विचारू नका. एकांतात विचारा, आणि ते राहणार म्हणाले तर त्यांना सन्मानानं राहू द्या. ते तुमच्यासोबत आले तर पगार किती, घर कुठलं, म्हातारपणाचं काय, हे आधी लेखी ठरवा. दशमांश किती जमतो त्याचा मागच्या तीन वर्षांचा आकडा समोर ठेवा, उत्साहातला आकडा नको.

आणि लग्न लावायचा अधिकार. हा मुद्दा फार जणांना माहीत नसतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपकडून दीक्षा मिळालेले पाळक आपण ज्या चर्चचे सेवक आहोत त्या चर्चच्या नियमांप्रमाणं लग्न लावू शकतात. त्या चर्चमधून बाहेर पडले की तो आधार डळमळतो, आणि मग सरकारकडून लग्न लावायचा परवाना घ्यायला लागतो. परवाना हातात यायच्या आधी एकही लग्न लावू नका. लेकरांची लग्नं कायद्यात टिकली पाहिजेत.

जायचं तर कुठं

नुसतं बाहेर पडणं म्हणजे प्रेस्बिटेरियन होणं नाही. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळी एकटी नसतेच. सेशन म्हणजे मंडळीतल्या वडिलांची सभा असते, त्याच्यावर प्रेस्बिटरी म्हणजे भागातल्या मंडळ्यांची सभा, वर सिनॉड, आणि पाळकावर किंवा वडिलांवर तक्रार झाली तर ऐकणारं वर कोणीतरी असतं. अमेरिकेतल्या पीसीयूएसएत तर प्रेस्बिटरी मंडळीला सोडते ती दुसऱ्या रिफॉर्म्ड, म्हणजे त्याच परंपरेतल्या, चर्चकडंच सोडते, मंडळीनं नुसतं आपल्या मतानं निघायचं नसतं. स्वतंत्र मंडळी व्हायचं ठरवलंत तर पाच वर्षांनी तुमच्याच पाळकांबद्दल तक्रार आली तर ती कोण ऐकेल याचं उत्तर आधी द्या. बिशप नको म्हणून निघालो आणि एका कुटुंबाच्या हातात सगळं गेलं, असं होऊ नये.

दुसऱ्या चर्चमध्ये जाणार असाल तर त्यांची घटना मराठीत करून वाचा, त्यांच्या दोन मंडळ्यांत रविवारी जाऊन बसा, त्यांचे पाळक नाही तर त्यांचे सभासद काय म्हणतात ते विचारा. वादाच्या काळात कोणी बॅग घेऊन येतं, आम्ही तुमचं छत घालून देतो, फक्त बोर्ड बदला. त्यांना सांगा की मंडळीचं ठरल्यावर बोलू.

आणि राहायचं ठरलं तर

हे पण खरं ठरवणं आहे, हार नाही. पण सगळं परत जुन्यासारखं चालू ठेवलं तर दोन वर्षांत तोच विषय परत पायऱ्यांवर येतो. म्हणून ती वही परत काढा, माणसांच्या आणि पैशांच्या ढिगातल्या ओळी घ्या, त्यातल्या मोजक्या, ठोस मागण्या करा. छताची मंजुरी, भाड्याचा वार्षिक हिशोब चर्चच्या फळ्यावर लावणं, बदलीच्या आधी मंडळीशी बोलणं, अशा. डायोसिसला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा, उत्तराची तारीख मागा, आणि ज्यांनी जायला मत दिलं होतं त्यातलेच दोघं त्या पाठपुराव्याच्या कमिटीवर घ्या. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय बजेटच्या आधी घ्या, म्हणजे लोक जेवायला उठायच्या आत त्यावर बोलणं होईल.